केंड : प्रवाळांच्या गावातला इवलासा विषधर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या विज्ञानविषयक व्याख्यानाचा लिखित पाठ)



समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जबलपुरात, हीरक महोत्सवासारख्या मंगल प्रसंगी, समुद्रातल्या चार बोटे लांबीच्या एका माशाविषयी व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नर्मदाकाठच्या माणसाला समुद्र परका नाही. अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा जबलपूरच्या घाटांना स्पर्श करून, १,३१२ किलोमीटरांचा प्रवास संपवून, भरुचच्या पुढे खंभातच्या आखातात विसावते. ज्या भेडाघाटासाठी देशोदेशीचे प्रवासी येतात, तेथील संगमरवरही मुळात सागराचेच देणे आहे. दीड अब्ज वर्षांहूनही अधिक काळापूर्वी एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीयुक्त गाळाचे, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने झालेले ते रूपांतर आहे. तेव्हा पृथ्वीवर एकही मासा नव्हता. मासे पुष्कळ नंतर आले; आणि त्यांतलाच एक आजचा नायक आहे.

या नायकाचे घर प्रवाळखडकांत असते. हे घर कोठे वसते आणि कोठे वसत नाही, हे समजण्यासाठी पुन्हा नर्मदेकडेच वळावे लागते. प्रवाळ हा वनस्पती नव्हे, दगडही नव्हे. तो अतिशय लहान, मऊ शरीराचा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण कवच रचतो आणि अशा कोट्यवधी प्राण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कवचांतून खडक उभा राहतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले वस्तीला असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणजेच प्रवाळाला नितळ, उबदार, खारे आणि उथळ पाणी हवे. नर्मदेसारखी महानदी जेथे समुद्राला मिळते, तेथे गोडे पाणी आणि गाळ यांचा लोट येतो, भरती-ओहोटीने पाणी सदैव गढूळ राहते. त्यामुळे खंभातच्या आखातात प्रवाळांचे गाव वसू शकत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात हीच अडचण येते. तरी मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांच्या आडोशाने प्रवाळ टिकून आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याचे बांधकाम आरंभिले, त्या जलदुर्गाच्या तटाखालचा हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते ‘आंग्रिया बँक’ या नावाने ओळखले जाते. किनाऱ्याचा गाळ तेथवर पोहोचत नाही, म्हणून तेथे प्रवाळ बहरले आहेत. आणखी दक्षिणेला लक्षद्वीपची बेटे तर सर्वस्वी प्रवाळांनीच घडविलेली आहेत.

सागरतळाचा एक शतांशाहूनही कमी भाग प्रवाळखडकांनी व्यापला आहे. परंतु समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या खडकांच्या आश्रयाला येतात, असे मानले जाते. अशा दाटीवाटीच्या वस्तीत दुबळ्या, मंदगती जीवाने जगायचे कसे? या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर म्हणजे केंड मासा.

कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला केंड म्हणतात, त्या फुगणाऱ्या माशांच्या कुलात जगभरात सुमारे दोनशे जाती आहेत. काही हाताएवढ्या लांब, तर काही बोटाच्या पेराएवढ्या. प्रवाळखडकांवर राहणाऱ्या छोट्या, टोकदार तोंडाच्या केंडांचा एक स्वतंत्र वंश असून त्याचे शास्त्रीय नाव ‘कँथिगॅस्टर’ असे आहे. लक्षद्वीप आणि अंदमानच्या खडकांवर या वंशाचे मासे आढळतात. त्यांपैकी ज्याचा अभ्यास सर्वाधिक बारकाईने झाला, त्या ‘कँथिगॅस्टर व्हॅलेंटिनी’ या जातीचे वर्णन १८५३ साली पीटर ब्लीकर या डच वैद्याने केले. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील दूरच्या बेटांपर्यंत त्याचा वावर आहे. त्याची लांबी फार तर अकरा सेंटिमीटर. दुधाळ अंगावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी, पाठीवरून खोगिरासारखे उतरलेले चार काळे पट्टे आणि पिवळसर शेपटी, असे त्याचे रूप असते.

बैलाएवढे होण्याच्या हव्यासाने फुगत गेलेल्या बेडकीची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. बेडकी गर्वाने फुगली आणि फुटली. केंड गर्वाने फुगत नाही, भयाने फुगतो. आणि फुटत तर मुळीच नाही. त्याची शरीररचनाच त्यासाठी घडलेली आहे. त्याला बरगड्या नाहीत, कमरेचे पर नाहीत. त्याचे जठर अन्न पचविण्यासाठी राहिलेले नसून पाणी भरून घेण्याची पखाल झालेले आहे. शत्रू समोर येताच तो भराभर पाण्याचे घोट घेतो, काही क्षणांत जठर ताणले जाते, त्वचा तट्ट होते आणि हातात मावणारा मासा चेंडूसारखा गोल होतो. कुलातील पुष्कळ जातींच्या त्वचेत लहान काटे असतात. एरवी अंगासरसे असणारे ते काटे फुगताच उभे राहतात. भक्ष्य गिळून टाकणाऱ्या मोठ्या माशाच्या जबड्यात हा गोळा मावेनासा होतो. जाता जाता एक सूचना करणे आवश्यक आहे. समुद्रकिनारी जाळ्यातून काढलेला केंड गंमत म्हणून फुगवीत बसण्याचा खेळ काही ठिकाणी चालतो. पाण्याबाहेर तो हवा गिळतो आणि ती हवा बाहेर टाकणे त्याला फार कठीण जाते. मुलांच्या क्षणभराच्या हास्याची किंमत त्या माशाला प्राणांनी द्यावी लागू शकते.

हा मासा संथ पोहतो. बहुतेक मासे शेपटीच्या तडाख्याने पुढे जातात. केंड मात्र पाठीवरचा आणि पोटाखालचा पर पंख्यासारखा हलवीत तरंगत राहतो आणि शेपटी सुकाणूसारखी वापरतो. वेग गमावून त्याने जागच्या जागी वळण्याचे, मागे सरकण्याचे कौशल्य मिळविले आहे. प्रवाळांच्या अरुंद गल्ल्यांत तेच उपयोगी पडते. त्याचे दात जोडले जाऊन चोचीसारख्या चार धारदार पट्ट्या बनलेल्या असतात; या कुलाच्या ‘टेट्राओडॉन्टिडी’ या नावाचा अर्थच मुळी ‘चार दातांचे’ असा आहे. हे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कठीण अन्न कुरतडताना झिजत राहतात. शैवाल, स्पंजासारखे स्थिर प्राणी, कृमी, शिंपल्यांतील जीव, प्रवाळांची टोके, असे नाना प्रकारचे अन्न तो टिपून खातो.

तथापि केंडाचे खरे सामर्थ्य फुगण्यात नसून त्याच्या विषात आहे. सप्टेंबर १७७४ मध्ये सुप्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याचे जहाज न्यू कॅलेडोनिया बेटाजवळ थांबले असता स्थानिक लोकांकडून एक अनोळखी मासा विकत घेण्यात आला. कुक आणि त्याच्यासोबतचे फोर्स्टर पितापुत्र या निसर्ग-अभ्यासकांनी त्याचे यकृत आणि गाबोळी नुसती चाखून पाहिली. पहाटे त्यांचे हातपाय बधिर झाले. भरलेले भांडे आणि पक्ष्याचे पीस यांच्या वजनातील फरकही हाताला कळेना, अशी नोंद कुकने केली आहे. उपचारांनी ते तिघे बचावले. पण माशाची आतडी खाल्लेले जहाजावरचे डुक्कर सकाळी मरून पडलेले आढळले.

या विषाला जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा याने १९०९ साली ‘टेट्रोडोटॉक्सिन’ हे नाव दिले. ते काम कसे करते, याचा उलगडा १९६४च्या सुमारास झाला. मज्जातंतूंमधून संदेश पुढे जातो तो सोडियमचे कण पेशीत शिरल्यामुळे. त्यासाठी पेशीच्या पडद्यात सूक्ष्म दारे असतात. टेट्रोडोटॉक्सिनचा रेणू नेमका त्या दाराच्या तोंडाशी बुचासारखा बसतो. संदेश थांबतात, ओठ-जीभ बधिर होतात, स्नायू लुळे पडतात आणि अखेरीस श्वासोच्छ्वासाचे स्नायू थांबतात. माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतानाच हे सारे घडते. शिजविल्याने, तळल्याने किंवा खारविल्याने हे विष नाहीसे होत नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. विष शरीराबाहेर पडेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवणे, एवढाच उपाय असतो. जपानमध्ये परवानाधारक आचारीच ‘फुगू’ शिजवू शकतो. तरीही १९७५ साली बांदो मित्सुगोरो या ख्यातनाम काबुकी नटाचा या माशाच्या यकृताच्या हट्टापायी मृत्यू झाला. कोकणातील कोळी बांधव केंडाला हात लावताना सावध असतात, तो पिढ्यांचा अनुभव आहे.

येथे एक कोडे उभे राहते. इतके जहाल विष स्वतः माशाला का बाधत नाही? त्याच्या मज्जातंतूंतील त्या दारांची घडण किंचित बदललेली आहे, त्यामुळे विषाचा रेणू तेथे बसू शकत नाही. शिवाय हे विष मासा स्वतः तयार करीत नसावा. ते विशिष्ट सूक्ष्मजीव निर्माण करतात आणि अन्नसाखळीतून ते माशाच्या शरीरात साठते, असे बहुतेक संशोधक मानतात. निवडक अन्नावर बंदिस्त तलावात वाढविलेले केंड बिनविषारी निघतात, हा त्याचा सबळ पुरावा होय. म्हणजे केंडाची तलवार त्याच्या घरी घडलेली नाही. ती त्याला त्याच्या परिसराने दिली आहे. परिसर बदलला तर शस्त्रही जाते.

ज्याच्याकडे शस्त्र आहे, त्याचे सोंग घेणारेही जन्माला येतात. त्याच प्रवाळखडकांवर ‘पॅराल्युटेरिस’ नावाचा एक निर्विष मासा राहतो. चार काळे पट्टे, ठिपके, पिवळसर शेपटी, संथ चाल, सारे काही हुबेहूब चार पट्ट्यांच्या केंडासारखे. पाण्यात पाहणाऱ्याला दोघांतला फरक पटकन कळत नाही. पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांची लांबी निरखून पाहिली तरच सोंग उघडे पडते. अनुकृतीचा हा सिद्धांत हेन्री बेट्स याने १८६२ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून मांडला. तो पाहण्यासाठी जबलपूरच्या मुलाला समुद्रावर जाण्याची गरज नाही. रुईच्या पानांवर वाढलेले, काळी-पांढरी किनार असलेले नारिंगी फुलपाखरू बेचव असते, पक्षी ते टाळतात. तशाच रंगाची, पण निर्विष अशी दुसऱ्या एका जातीची मादी त्याच्या मागेपुढे बागडत असते. मदनमहालच्या टेकड्यांवर रुईचे झुडूप दिसले, तर पालकांनी मुलासह पंधरा मिनिटे तेथे थांबून पाहावे. पाठ्यपुस्तकातील एक अख्खे प्रकरण तेथे उडताना दिसेल.

विषाने या माशाचे कुटुंबजीवनही घडविले आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील लिझर्ड बेटापाशी विल्यम ग्लॅडस्टोन या संशोधकाने १९८०च्या दशकात या जातीचे दीर्घकाळ निरीक्षण केले. एका नराच्या हद्दीत एकापासून सातपर्यंत माद्या राहतात. प्रत्येक मादीचे स्वतःचे अंगण वेगळे. अंडी घालण्यासाठी मादी शैवालाचा एक झुबका निवडते, तो तोंडाने सारखा करते आणि त्यात अंडी चिकटवते. प्रवाळखडकांवरचे पुष्कळ मासे हे काम कातरवेळी, घाईघाईने उरकतात, कारण त्या क्षणी शत्रू टपलेले असतात. केंड मात्र भरदिवसा, निवांतपणे, दीर्घ प्रणयाराधन करून अंडी घालतो. अंडी घातल्यावर आईबाप दोघेही निघून जातात. राखण कोणीच करीत नाही. हे निष्काळजीपण नव्हे. ग्लॅडस्टोनने दाखवून दिले की, या अंड्यांची आणि पिलांची चव इतर माशांना नकोशी असते; तोंडात घेतली तरी ते थुंकून टाकतात. आईने जवळ न राहता अपत्याला दिलेले हे संरक्षण आहे. काही दिवसांनी, सूर्यास्ताच्या सुमारास, पिले बाहेर पडतात आणि काही महिने खुल्या समुद्रात प्रवाहांबरोबर वाहत राहतात. त्यांतील थोडी भाग्यवान पिले एखाद्या प्रवाळखडकाशी पोहोचतात आणि तेथेच आयुष्य काढतात.

परंतु पोहोचल्यावर तेथे खडक जिवंत असला पाहिजे. आजच्या विषयाचे गांभीर्य येथे आहे. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा अवघ्या एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील शैवालांना बाहेर टाकतो. रंग जातो, अन्न जाते. पांढराफटक प्रवाळ काही काळ उपाशी तग धरतो आणि उष्णता ओसरली नाही तर मरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी हे अरिष्ट ओढवले. दोन आघातांच्या मधला काळ खडकांना सावरण्यासाठी अपुरा पडू लागला आहे. शत्रूपुढे फुगणारा, विष बाळगणारा केंड या संकटापुढे सर्वस्वी निःशस्त्र आहे. तापलेल्या पाण्याला विषाची भीती नसते.

दुसऱ्या बाजूने पाहता, परिसराचा तोल ढळला की हाच मासा उपद्रवीही ठरतो. केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर खोल पाण्यातील मोठ्या केंडांची संख्या वाढल्याची नोंद केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी केली आहे. कोकणातही जाळ्यात अडकलेला केंड आपल्या चोचीसारख्या दातांनी जाळे कुरतडतो, इतर मासळी खराब करतो आणि स्वतः तर विकला जात नाही. कर्ज काढून जाळे विणणाऱ्या कोळी कुटुंबाच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. सकला नावाचा मोठा मासा केंडांना खातो, हेही याच अभ्यासातून पुढे आले. मोठे मासे बेसुमार पकडले गेले तर केंडांना आवर घालणार कोण, हा प्रश्न त्यामुळे विचार करण्याजोगा आहे. तेव्हा केंड चांगला की वाईट, या प्रश्नाला अर्थ नाही. घर नीट असेल तर त्यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

याच कुलातील एक भारतीय बंधू समुद्र सोडून गोड्या पाण्यात आला आहे. केरळातील पंबा आणि इतर नद्यांत राहणाऱ्या या केंडाचे वर्णन सुंदरलाल होरा आणि नायर यांनी १९४१ साली केले. जेमतेम तीन सेंटिमीटरांचा, हिरवट-पिवळा, मोठ्या डोळ्यांचा हा मासा इतका गोजिरवाणा आहे की जगभरच्या काचेच्या टाक्यांसाठी तो नद्यांतून मोठ्या प्रमाणात पकडला गेला आणि आज संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे. मुलाच्या हट्टासाठी मासे विकत आणताना, हा मासा कोठून आला, हा प्रश्न पालकांनी दुकानदाराला अवश्य विचारावा. त्याचप्रमाणे लक्षद्वीप, अंदमान किंवा मालवणच्या सहलीवरून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नये. खडक उभारणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसलेले आहेत. दिवाणखान्यातील तो शोभेचा तुकडा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. आणि एखाद्या पिलाचे घर तर तो असतोच.

हिंदीभाषक नगरात साठ वर्षे मराठीतून ज्ञानदान करणाऱ्या शाळेच्या संदर्भात या विषयाला आणखी एक अर्थ आहे. विज्ञान मातृभाषेतून शिकता येते का, असा प्रश्न पालकांच्या मनात आज वारंवार उठतो आणि त्या प्रश्नाचा परिणाम वर्गातील बाकांवर दिसतो. मालवणच्या कोळ्याने केंड हे नाव शास्त्रज्ञांची वाट न पाहता दिले. त्याचे दात, त्याचे विष, त्याचे फुगणे हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. ज्या भाषेत कोळ्याचे हे ज्ञान साठलेले आहे, त्याच भाषेत सोडियमच्या दारांची आणि विषाच्या बुचाची गोष्टही सांगता येते. टेट्रोडोटॉक्सिन हा शब्द मुलाला पुढे शिकावाच लागेल. परंतु ‘केंड’ हा शब्द आधी ठाऊक असलेले मूल तो अधिक चटकन आपलासा करील. दोन्ही शब्द ज्याच्या ओठी आहेत, त्याला कोळ्याशीही बोलता येते आणि शास्त्रज्ञाशीही. शाळेतून बाहेर पडलेल्या ज्या विद्यार्थ्यांनी वैद्यकात, अभियांत्रिकीत, संशोधनात नाव मिळविले, त्यांनी आपल्या विषयातील एक तरी गोष्ट सोप्या मराठीत लिहून शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. हीरक महोत्सवाची याहून मोलाची भेट दुसरी नसेल.

ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीनंतर नर्मदेत दिवे सोडले जातात. पानांच्या द्रोणातील दिवा विझला की द्रोण कुजून पाण्याला मिळतो. थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा द्रोण मात्र कुजत नाही. बरगीच्या खालचा, भेडाघाटापुढचा, धरणामागून धरणे ओलांडणारा मार्ग दीर्घ आहे, पण त्याची दिशा एकच आहे. केंडाचे पिल्लू ज्या सागरात महिनोन्‌महिने वाहत असते, त्याच सागराच्या दिशेने. पुढच्या वेळी पालकांनी मुलाच्या हातात पानाचा द्रोण द्यावा आणि तो कोठवर जाईल, हे मुलालाच विचारावे.

नर्मदे हर!